चिणलेल्या दारावरचा टीव्ही

टीव्ही घरात आला तेव्हा मी वालूरच्या बाजारात पत्रकं वाटत होते. सकाळची एसटी आमच्या फाट्यावर थांबत नाही, कॉलेजच्या पोरी हात करून करून धुळीत उभ्या राहतात, त्याबद्दलचं पत्रक. संध्याकाळी घसा बसवून घरी आले, तर मधल्या खोलीत एक भलंमोठं चपटं खोकं कॉटला टेकवून उभं केलेलं, त्यावर आईनं धुतलेली चादर टाकलेली आणि अण्णा समोर खुर्ची घेऊन बसलेले. टीव्ही लावलेला नाही, खोकंसुद्धा फोडलेलं नाही, आणि माणूस चादरीकडं बघत बसलाय.

"काय चालू हाय, अण्णा? पिक्चर का बातम्या?"

"वटवट करू नको. उद्या दुकानातला माणूस यायलाय लावायला."

"कुठं लावणार?"

अण्णांनी समोरच्या भिंतीकडं हनुवटी उडवली. मी आईकडं पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन बसली होती. तिचा पिठातला हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. 

ती भिंत काय आहे ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं घर अर्धं आहे. उरलेलं अर्धं काकांचं. अण्णा थोरले, काका धाकटे. आणि माझी आई थोरली, मावशी धाकटी. सख्ख्या दोन बहिणी सख्ख्या दोन भावांना दिलेल्या. आमच्या भागात अशा सोयरिकी लय होतात, आणि करताना सगळे एकच बोलतात, की बहिणीला बहिणीची सोबत होईल. कुणाच्या भरवशावर बोलतात कोण जाणे. उद्या भाऊ भांडले तर बहिणींचं काय, हे बैठकीत एक माणूस विचारत नाही.

भाऊ भांडले ते महालक्ष्म्यांवरून. रान वाटलं गेलं, भांडी वाटली, बोअरच्या पाळ्या ठरल्या. अडलं ते भादव्यात बसणाऱ्या ज्येष्ठा-कनिष्ठेच्या पितळी मुखवट्यांपाशी. काका म्हणाले, एक तुमच्याकडं ठेवा, एक आमच्याकडं. अण्णा म्हणाले, बहिणी हायत त्या, त्यांना तोडता येत न्हाई, दोघी थोरल्याच्या घरीच राहतील. पंचांनी माना डोलावल्या. काका पायताण घालून उठले आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. दोन घरांच्या मधलं दार विटांनी चिणलं. 'तिकडं पाय ठेवायचा न्हाई' असं अण्णांनी आईला बजावलं, काकांनी मावशीला. पितळेच्या बहिणी एका पेटीत राहिल्या आणि हाडामासाच्या दोघी भिंतीच्या दोन बाजूंना. एवढं उघड आहे, पण ते त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुणाच्या म्हणजे कुठल्या पुरुषाच्या.

आमच्या बाकीच्या भिंती दगड-मातीच्या, हातभर रुंद. दार चिणलं तेवढाच तुकडा विटांचा, तोही एका विटेच्या जाडीचा. प्लास्टर कुणी करायचं यावरून पुन्हा तोंडाला तोंड नको, म्हणून दोन्ही बाजूंनी नुसता चुना फासला. त्या तुकड्यात, खाली बसलं की तोंडासमोर येईल अशी एक वीट आईनं उलथन्याच्या दांड्यानं मोकळी केली. तिकडून मावशीनं विळीच्या टोकानं मदत केली. आमच्या बाजूला वीट बँकेच्या कॅलेंडरखाली झाकलेली, तिकडं डब्यांच्या मांडणीमागं. अण्णा दुपारी पारावर गेले आणि काका रानात गेले, की आई धान्याचं सूप घेऊन कॅलेंडरखाली बसायची. वीट बाजूला. मग तासभर गुणगुण. काय भाजी केलीस. गुडघा कसा हाय. माहेरी, पूर्णेला, आज्जीला आज जेवण गेलं का. मधूनच एखादी वाटी इकडून तिकडं जायची, वाटी जाईल एवढंच ते भोक होतं.

फोन होता की, असं कुणी म्हणेल. आईचा फोन अण्णांच्या उशाला आणि मावशीचा काकांच्या खिशात. आणि एकदा मी शेजारणीचा फोन आईला आणून दिला होता, तर म्हणाली, "फोनवर बोलायचं तर काहीतरी कारण लागतं गं. आमाला कुठं कारण असतंय?"

तर त्या भिंतीवर टीव्ही लागणार होता.

अण्णा शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले, आणि रिटायर माणसाला एखादी गोष्ट मनात बसली की ती उठत नाही. परभणीला माझ्या बहिणीच्या सासरी त्यांनी भिंतीवरचा टीव्ही पाहिला होता. "एक वायर दिसत न्हाई!" हे त्यांनी गावभर सांगून झालं होतं. "हवेत टांगल्यावाणी. वायरी सगळ्या भिंतीच्या आत. अन आपल्याकडं बघा, खोलीभर लोंबायल्या, वाळत घातलेल्या सुतळ्यावाणी."

"वायर दिसली तर काय होतं, अण्णा? वायरीतून वीज येते, ते सगळ्यांना ठाऊक हाय."

"वायर दिसली की घर कंगाल दिसतं."

"फाट्यावर पोरी उभ्या राहतात तेव्हा गाव कंगाल दिसत न्हाई?"

"तुझी गाडी कुठनंबी निघाली तरी फाट्यावरच येती," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडं वळले. "ते चिणलेलं दार डोळ्यात खुपतंय मला. त्याच्यावर टीव्ही येईल, विटात खाच मारून वायरी आत जातील, वरनं सगळ्यावर प्लास्टर. भिंत कशी एकसारखी. माझ्या कॉटच्या बराबर समोर."

आईनं रात्रीच्या जेवणात एकेक कारण काढून पाहिलं. उजेड पडतोय त्या भिंतीवर. अण्णा म्हणाले, उलट तिथंच पडत न्हाई. महालक्ष्म्या त्या भिंतीशी बसतात. अण्णा म्हणाले, टीव्हीवर आरती लावू, शोभा येईल. शेवटी आई म्हणाली, त्या भिंतीला हात लावला की घरात काहीतरी होतंय, दार चिणलं त्या साली म्हैस गेली. अण्णांनी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "सांग की आता तुझ्या आईला. अंधश्रद्धेवर पत्रक काढलं व्हतं न्हवं तू?"

मी काढलं होतं. आईच्या हातात पहिलं मीच दिलं होतं. मी ताटावरून उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले.

"हिला काय झालंय? बूड टेकंना," अण्णा म्हणाले.

काय झालं होतं ते ओठांवर होतं. बोलायला बंदी करणारे तुम्ही कोण, हे एवढंच. पण आई माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्याचा अर्थ मी लहानपणापासून ओळखते. गप बस.

सकाळी अण्णांनी मला दूत केलं. सामायिक भिंतीला हात लावायचा तर दुसऱ्याला सांगून, असं पंचांचं ठरलेलं. "त्याला जाऊन सांग. विचार न्हाई म्हणत मी, सांग."

मी गल्लीला वळसा घालून काकांच्या दारात गेले. एका भिंतीपलीकडं जायला हा एवढा वळसा. काका चहा पीत होते. मावशी मागं चुलीपाशी उभी.

"टीव्ही लावायलेत व्हय?" काका म्हणाले. "किती इंची?"

"मला न्हाई ठाऊक. मोठा हाय."

"मोठाच असणार. भिंतीत किती जाणार?"

मी परत आले. अण्णा म्हणाले, "चार बोटं म्हण." मी परत गेले. काका म्हणाले, "चार बोटं? एका विटेची भिंत, अर्धी माझी. तीन म्हणावं. तीनच्या वर गेला तर मी ह्या बाजूनं खिळा मारीन, टीव्हीच्या काचातनं निघंल." मी परत आले. अण्णा म्हणाले, "तीन तर तीन. त्याच्या बोटानं का माझ्या, ते विचार." हे दोघं मिळून गावात शहाणे समजले जातात. माझ्या चपलेचा पट्टा त्या फेऱ्यांत तुटला.

शेवटच्या फेरीला मावशी ताकाचा तांब्या घेऊन ओट्यापर्यंत आली. काकांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "ताक ने गं, उरलंय." आणि तांब्या हातात देताना, ओठ न हलवता, "आक्काला म्हण, काहीतरी कर. मला त्या बाजूला दुसरं कोण हाय?"

दुकानातला माणूस दुपारी आला. मोटारसायकलवर ड्रिल, कटर, पाईपांचा गठ्ठा. आल्या आल्या लाइट गेली. तो कॉटवर बसून फोनवर बोलत राहिला, एकाला सांगे सेलूत पोचलोय, दुसऱ्याला सांगे जिंतूर रोडला आहे. अण्णा त्याला ब्रॅकेट कुठं येणार ते पेन्सिलीनं दाखवत होते. आई आत काहीच करत नव्हती, नुसती भांडी इकडची तिकडं ठेवत होती. मी ओसरीत जायचे, आत यायचे, खिडकीतून खांबाकडं बघायचे. आंदोलनात उन्हात चार तास बसून राहिलेली मी, घरात पंख्याशिवाय पाच मिनिटं बसू शकत नव्हते. वाटत होतं लाइट येऊच नये. आजचा दिवस टळला तर काहीतरी सुचेल.

लाइट आली.

माणसानं बोटाच्या पेरानं भिंत ठोकली. दगडावर ठक्क, विटांवर ढप्प. "मास्तर, हे लय बेष्ट हाय. विटा हायत. कटर लोण्यात चालल्यावाणी चालंल. वरनं पाईप आणतो, खाली बोर्डापर्यंत नेतो, वायरी गायब."

"गायब!" अण्णा खूश होऊन म्हणाले आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं.

कॅलेंडरमागची वीट इतर विटांसारखी नव्हतीच. तिच्या कडा चुना जाऊन काळ्या तेलकट झालेल्या, हाताखालच्या जात्याच्या खुंट्यासारख्या गुळगुळीत. मला वाटलं आंधळ्यालाही कळेल. अण्णांना नाही कळलं. त्यांना ब्रॅकेटची लेवल बघायची होती.

कटर सुरू झाला. खोलीत लाल धुरळा. वरून खाच खाली येत गेली, सरळ त्या विटेच्या दिशेनं, आणि मग माणसानं कटर बंद केला. "अरे, ही वीट तर हालायली. मास्तर, ही मोकळीच हाय की! हितंच डबी बसवतो, सगळ्या वायरींचा जोड हिच्यात. वरनं सिमेंट भरून टाकू, मस्त पॅक." आणि त्यानं छन्नी विटेच्या फटीत घातली.

आई दारात आली होती. तिच्या हातात पळी होती, रिकामी.

"ती वीट काढायची नाही," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं?" अण्णा म्हणाले.

"मला कळतंय. ते भोक बुजवायचं नाही. आई तिथून मावशीशी बोलते."

मागून आईचा श्वास ऐकू आला. मला थांबता आलं असतं. पण रात्रीपासून तुंबलेलं होतं, ते सगळं आलं. "वाटणीत पंचांसमोर कोण म्हणालं होतं, बहिणींना तोडता येत न्हाई? पितळेच्या बहिणींना! त्यांना पेटीत मऊ कपड्यात गुंडाळून ठेवलंय, भादव्यात गोडधोड घालता. अन ह्या दोघी? ह्यांना विचारलं कुणी? भांडण तुमचं, दार ह्यांचं चिणलं! अन आता जी एक वीट राहिली ती पण पाहिजे तुमाला, वायर दिसू नये म्हणून!"

खोलीत धुरळा खाली बसत होता. पलीकडं डबे खडखडले आणि विटेच्या फटीतून काकांचा आवाज आला. "काय चाललंय तिकडं? तीन बोटं ठरली व्हती!"

"तीनच हायत!" अण्णा ओरडले.

 दार चिणल्यानंतर काकांशी अण्णा बोललेले हे पहिले शब्द. यातून पुढं काही झालं असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. अण्णांनी आईकडं पाहिलं, विटेकडं पाहिलं, मग खाली पडलेल्या चुन्याकडं. आईनं नजर खाली घातली नाही.

दुकानातला माणूस म्हणाला, "मास्तर, घरचं नंतर बघा. मला सेलूला जायचंय. कुठं लावू?"

अण्णांनी न बघता बाजूच्या भिंतीकडं हात केला. "तिकडं लाव."

"तिकडं दगड हाय, खाच न्हाई बसायची. ढेकळं निघतील."

"मंग वरनं ने."

तो टीव्ही खिडकीशेजारच्या भिंतीवर लागला. दुपारी त्याच्यात खिडकी दिसते, माणसं दिसत नाहीत. वायरी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत घालून भिंतीवरून नेल्या, पट्टीही दगडाच्या उंचवट्यांवरून वाकडीतिकडी गेली, नकाशातल्या नदीसारखी. अण्णांना कॉटवरून मान मोडून बघावं लागतं. विटांमधली अर्धवट खाच तशीच राहिली. कॅलेंडर कुणी परत लावलं नाही.

मला वाटलं होतं आई काहीतरी चांगलं बोलेल. संध्याकाळी मी धुरळा झाडत होते, तर ती म्हणाली, "झालं समाधान? आता त्याच्यावर पत्रक काढ. वालूरच्या बाजारात वाट."

"आई, ते बुजवायलेच होते."

"मी बघितलं असतं."

"काय बघितलं असतं? छन्नी लागली होती विटेला!"

"दुसरी वीट काढली असती मी," आई म्हणाली. "तुला काय वाटलं, एकच वीट हाय व्हय भिंतीत?"

मी बोलले ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. बंदी लपून मोडायची, हे मला पटत नाही. पण त्यानंतर घरात जे झालं त्यानं मला बसू दिलं नाही, हेही खरं. अण्णांनी भोक बुजवलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी कॉटवरून, मान मोडून टीव्ही बघत, म्हणाले, "बोला की. कोण नको म्हणालंय?" आणि पारावर जायचं सोडून तिथंच बसले. पलीकडं काका म्हणे आता रानातून लवकर यायचे आणि चहाला स्वयंपाकघरातच, मांडणीसमोर पाट टाकायचे. दोन्ही बाजूंनी परवानगी. आणि दोन्ही बाजूंना एकेक कान. आई विटेकडं फिरकली नाही. ती सूप घेऊन ओसरीत बसायला लागली. विटेच्या फटीतून मावशीच्या घरच्या फोडणीचा वास यायचा, मावशीचा आवाज नाही.

माझी चिडचिड वाढत गेली. अण्णांवर, की ऐकायला बसता कशाला. आईवर, की आता उघड बोलता येतंय तर बोल की, भीती कसली. एकदा तसं म्हणालेही. आई म्हणाली, "उघड काय बोलू? गुडघा दुखतोय म्हणू? तेवढ्यासाठी वीट कशाला लागती?" म्हणजे गुडघ्याशिवायही बरंच काही होतं, जे मला सूप घेऊन बसलेल्या आईकडं बघून कधी कळलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी, अण्णा कॉटवर, मी खाली पत्रकांच्या घड्या घालत बसलेली, आणि आईनं येऊन रिमोट उचलला. तिनं एक मालिका लावली. सासू रडत होती, सून रडत होती, मागं ढोल. आईनं आवाज वाढवला. अजून वाढवला. भांडी थरथरतील एवढा केला.

"अगं, कमी कर!" अण्णा ओरडले.

"मला ऐकायला कमी यायलंय आजकाल," आई म्हणाली. स्वयंपाकघरातून ओसरीतली कुजबुज ऐकणारी बाई. तिनं सूप उचललं, चिणलेल्या दारापाशी जाऊन बसली, टीव्हीकडं पाठ करून, आणि वीट बाजूला ठेवली. तिचे ओठ हलायला लागले. भोकातून मावशीच्या बांगड्या दिसल्या, सुपातल्या शेंगा उचलून नेणाऱ्या.

अण्णांनी रिमोटसाठी हात पुढं केला. त्यांना ऐकायचं होतं. मलाही ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात पलीकडून काका खेकसले, "बंद करा तो गोंगाट! माणसं राहतात हितं!"

अण्णांचा हात थांबला. मान ताठ झाली. "आमचा टीव्ही हाय!" ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "आमच्या भिंतीवर हाय! आमी कितीबी मोठा करू!" आणि रिमोटचं बटण दाबून धरलं. आवाजाची हिरवी रेघ पडद्याच्या शेवटापर्यंत गेली.

आता रोज हेच चालतं. काका ओरडतात, अण्णा वाढवतात, आणि त्या ढोलाच्या आड दोघी बोलतात. मी किती वेळा सरकत सरकत सुपाजवळ गेले. एक शब्द कळत नाही. परवा तर पार आईच्या खांद्यापर्यंत पोचले होते. तिनं न बघता कोपरानं मला मागं ढकललं आणि माझ्या कानाशी ओरडली, "तू काय ऐकायलीस? जा, घड्या घाल तुझ्या कागदांच्या!"